चादरींच्या नऊ दोऱ्या

गावात कुणाकडे किती पाहुणे उतरलेत, हे घरमालकाच्या बायकोच्याही आधी मावशीला कळायचं. त्यात जादू काही नव्हती. तळ्याकाठच्या सव्वीस घरांनी आपल्या खोल्या प्रवाशांना भाड्यानं द्यायला काढल्या होत्या, आणि सव्वीसच्या सव्वीस घरांच्या चादरी धुवायला एकाच ठिकाणी यायच्या, मावशीच्या धुलाईघरात. पाहुणा उतरला की रोज चादर निघणार आणि चादर निघाली की ती मावशीच्या दोरीवर येणार. मग कुणी कितीही फुशारक्या मारो, मावशी गालातल्या गालात हसायची आणि चिमटे लावत पुढं सरकायची.

धुलाईघर म्हणजे पुढं दोन खोल्या आणि मागं उन्हाचं भलंमोठं मोकळं आवार. खोल्यांमध्ये दोन हौद, इस्त्रीचं लांबलचक टेबल आणि एक म्हातारं मशीन, जे फिरायला लागलं की अख्खं घर थरथरायचं. आवारात नऊ दोऱ्या, प्रत्येकीचं एक टोक भिंतीला आणि दुसरं आपापल्या खांबाला, एकेका दोरीवर डबलबेडच्या सहा चादरी. पहिला खांब रोवला तो मावशीच्या नवऱ्यानं, चार वर्षांपूर्वी, शहरातून तळ्यापर्यंत नवा रस्ता आला तेव्हा. खांबाच्या बुडाशी ओल्या सिमेंटमध्ये त्यानं खिळ्यानं महिना आणि साल कोरलं होतं. "उगाच आपलं," म्हणाला होता, "मागं वळून बघायला बरं." तीन खांब त्याच्या हातचे. नंतर तो गेला. पुढचे खांब मावशीनं रोवले, आणि तोच खिळा घेऊन प्रत्येकाखाली तारीख कोरली. त्याच्यावाचून फक्त एका कामात घोडं अडायचं. मोठ्या चादरीची घडी घालायला चार हात लागतात. मावशी एक बाजू भिंतीतल्या हुकांना अडकवायची आणि दुसरी स्वतः धरायची. काम व्हायचं, पण दर वेळी त्या हुकांकडे बघून तिला आत कुठंतरी दुखायचंच.

आणि आता हे सगळंच राहतंय की जातंय, अशी वेळ आली होती. हवा जरा ढगाळ झाली की चादरी दोन-दोन दिवस वाळायच्या नाहीत. मागच्या हंगामात तीनदा असं झालं की खोल्या रिकाम्या, दारात पाहुणे उभे, आणि अंथरायला धुतलेली चादर नाही. खोलीवाले कुरकुरायला लागले. शहरातला एक धुलाईवाला ट्रक पाठवायला तयारच बसला होता. पुढच्या हंगामाच्या आत मोठं मशीन, वाळवायचं यंत्र आणि डोक्यावर छप्पर आलं नाही, तर सव्वीस घरांच्या चादरी त्या ट्रकमध्ये जाणार, आणि मावशी आणि तिच्या चार कामकरणी बसणार हात चोळत. एवढा पैसा मावशीकडे कुठला? पण तो येण्याची एक वाट उघडली होती.

नव्यानं पर्यटन वाढणाऱ्या भागांत पैसे गुंतवणारी एक कंपनी चार गावांची पाहणी करत होती. चारांतलं एक निवडणार होती. गावाचा अर्ज केला होता खोलीवाल्यांच्या संघाच्या अध्यक्षानं. हा अध्यक्ष म्हणजे मावशीचा धाकटा दीर. मनानं चांगला, पण तोंडाचा पट्टा सुटला की आवरायचा नाही. अर्जात धुलाईघर पहिल्या पानावर घाला, असं मावशीनं त्याला परोपरीनं सांगितलं होतं. त्यानं ते शेवटच्या पानावर, अगदी तळाशी टाकलं होतं.

पाहणीच्या चार दिवस आधी तो घामाघूम होऊन आला.

"वहिनी, घोटाळा झालाय. ते लोक आत्ता येतायत! ऐन मोकळ्या महिन्यात! आपल्या साठ खोल्यांपैकी चाळीस रिकाम्या. काय दाखवायचं त्यांना, भिंती?"

"वीस भरल्यात ना भाऊजी? त्या दाखवा."

"तुम्हाला यातलं काही कळायचं नाही. गुंतवणूकदाराला गर्दी लागते, गर्दी! मी उपाय काढलाय." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "नातेवाईक."

"नातेवाईक?"

"सगळ्यांचे. प्रत्येक घरानं आपापले बोलवायचे. तीन दिवस खोल्यांमध्ये राहतील, टोप्या-गॉगल घालून तळ्यावर फिरतील, फोटो काढतील. दारोदार पाटी, 'खोली शिल्लक नाही'. बघणारा गारच पडला पाहिजे. माझे सासरे तर परदेशी पाहुणे होणार आहेत."

"ते? अहो, त्यांना शेजारच्या गावाची वाट सापडत नाही!"

"बोलायचंच नाही ना त्यांनी. नुसतं मान डोलवायची. आणि वहिनी, तुम्हीही तोंड उघडायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ."

मावशीनं डोक्याला हात लावला. शपथ काही घेतली नाही, पण वादही घातला नाही. हातात ओल्या चादरींचा पिळा होता आणि ऊन चाललं होतं.

झालं! दोन दिवसांत गाव असं भरलं की विचारता सोय नाही. कुणाची आत्या आली, कुणाचे साडू आले, कुणाचा रुसलेला जावई या निमित्तानं एकदाचा परत आला. तळ्याकाठी गॉगल लावलेल्या म्हाताऱ्यांची रांग लागली. भाऊजींचे सासरे गळ्यात सेल नसलेला कॅमेरा अडकवून आपल्याच लेकीच्या घराचे फोटो काढत उभे. सव्वीस दारांवर सव्वीस पाट्या लटकल्या.

आणि पाहणीच्या आदल्या दिवशी, उन्हं कलता कलता, साध्या एसटीसारख्या खडखडणाऱ्या बसमधून एक बाई उतरली. पन्नाशीची, पायात मळके बूट, पाठीवर पिशवी. पहिल्या दारी गेली, "खोली नाही." दुसऱ्या दारी, "सगळं भरलंय हो." सव्वीसपैकी निदान वीस दारं तरी तिनं ठोठावली असतील. अध्यक्षांच्या दारात तर खुद्द अध्यक्षच उभे होते. "बाई, आमच्याकडे महिना-महिना आधी सांगावं लागतं," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. तिच्या मागोमाग आलेल्या दोन-तीन जोडप्यांचीही तीच गत झाली. ती जोडपी बिचारी परतीच्या बसनं निघून गेली. खोट्या पाहुण्यांपायी खरे पाहुणे दारातून परत पाठवायचे, ही अक्कल आमच्या याच गावाची, दुसरीकडे शोधून सापडायची नाही.

ती बाई मात्र गेली नाही. फिरत फिरत गावाच्या टोकाला आली आणि मावशीच्या दारात थबकली. "इथंही पाटी आहे का?" तिनं विचारलं.

"इथं खोल्याच नाहीत, पाटी कशाला लावू?" मावशी म्हणाली. "पण बसची वेळ गेली. इस्त्रीच्या खोलीत एक खाट आहे. अडचण आहे, पण चादर अशी मिळेल की अख्ख्या गावात मिळायची नाही."

बाई हसली आणि बूट काढून आत आली.

सकाळी मावशी आवारात चहाचे दोन कप घेऊन आली, तेव्हा बाई दोऱ्यांच्या मधोमध उभी होती. नऊच्या नऊ दोऱ्या तिच्या डोक्यावरून गेलेल्या, आणि त्यांतल्या आठ साफ मोकळ्या. नवव्या दोरीवर कोपऱ्यात चार चादरी. मावशी त्यांतली एक घेऊन घडी घालायला हुकांकडे वळली, तर बाईनं कप खाली ठेवला आणि न सांगता दुसरी बाजू धरली. दोघींनी ताण दिला, झटकली, पुढं येऊन टोकाला टोक मिळवलं. चार हातांनी घातलेली घडी कशी असते हे मावशी जवळजवळ विसरली होती. तिला एकदम गलबलून आलं.

"मावशी," बाई म्हणाली, "सांगते ते ऐकून घ्या, मग मी विचारेन. ती पैसे गुंतवणारी कंपनी आहे ना, मी तिचीच. उद्घाटनाला आल्यासारखं हारतुरे घ्यायला मला जमत नाही, म्हणून एक दिवस आधी येते, प्रवाशासारखी. आता विचारते. काल मला वीस दारांतून परत पाठवलं. गाव एवढं गच्च भरलंय, तर चादरी कुठं आहेत?"

मावशीच्या हातातली घडी हातातच राहिली. क्षणभर तिला वाटलं, सांगावं मशीन बिघडलंय. सांगावं कामकरणी आजारी आहेत. काहीही चाललं असतं. भाऊजींचा घामेजलेला चेहरा डोळ्यांसमोर आला, चौघी कामकरणी आल्या, तो ट्रकही आला. पण समोरची बाई तिच्या धुतलेल्या चादरीवर झोपून उठली होती, आणि तिच्या तोंडावर थाप मारायची मावशीची जीभ काही उचलेना.

"पाहुण्यांच्या चादरी रोज बदलतात," ती सावकाश म्हणाली. "नातेवाइकांच्या कोण बदलतंय?"

बाईनं मोकळ्या दोऱ्यांवरून नजर फिरवली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती इतकी हसली की कपातला चहा सांडला. मावशी हसली नाही.

"हसा, हसण्यासारखंच आहे. पण तेवढं बघून जाऊ नका. इकडे या." तिनं बाईचा हात धरला आणि तिला पहिल्या खांबापाशी खाली बसवलं. "हे वाचा. हे माझ्या नवऱ्याच्या हातचं. चार वर्षं झाली. तेव्हा हंगामात एक दोरी पुरायची आणि मोकळ्या महिन्यांत तीही रिकामी, मी त्यावर आमचेच कपडे वाळत घालायचे. आता हा दुसरा. हे दोन त्याच्या पुढच्या वर्षीचे. हा बघा, हा नीट बघा."

बाईनं बोटानं माती झटकली. "हा तर याच महिन्यातला दिसतोय. मागच्या वर्षीचा. ऐन मोकळ्या महिन्यात दोरी वाढवलीत?"

"कमी पडली म्हणून वाढवली. हौस म्हणून कुणी खांब रोवतं का? गेल्या आठवड्यापर्यंत रोज वीस-बावीस चादरी येत होत्या, आणि त्याही पडत्या महिन्यात. पक्षी बघायला येतात, सायकलवाले येतात, शहराला कंटाळलेले तर बारा महिने येतात. गावाला हे माहीतच नाही, कारण प्रत्येकजण आपल्या दोन रिकाम्या खोल्यांकडे बघून रडतो. सगळ्यांचं एकत्र फक्त माझ्याकडे येतं. गाव खोटं वागलं बाई, पण गाव खोटं नाही."

बाईनं पुढच्या खांबाचीही माती झटकून तारीख वाचली. मग म्हणाली, "दुपारी सभेला या." एवढंच.

सभा संघाच्या दिवाणखान्यात होती. अध्यक्ष इस्त्रीचा शर्ट घालून पुढं, मागं सगळे खोलीवाले, आणि भिंतीला लागून 'पर्यटक'. कंपनीचं माणूस यायच्या आधीच अध्यक्षांनी सुरुवात केली, कारण त्यांना धीर नव्हता. "बारा महिने! तीनशे पासष्ट दिवस! आमच्या या उगवत्या बाजारपेठेत मंडळी, मुंगीला शिरायला जागा नसते! पाहुण्यांना आम्हाला अक्षरशः…" आणि तेवढ्यात दारातून ती मळक्या बुटांची बाई आत आली.

"परत पाठवावं लागतं," तिनं त्यांचं वाक्य पुरं केलं. "हो, काल तुम्हीच मला पाठवलंत."

अध्यक्ष हातानं मागची खुर्ची चाचपायला लागले.  खोलीवाल्यांचं धाबं दणाणलं. कुणी छताकडे बघतंय, कुणी बुटाकडे. आणि भाऊजींचे सासरे गॉगल कपाळावर सरकवून मोठ्यानं म्हणाले, "जावईबापू, जेवण किती वाजता आहे हो? सकाळपासून नुसता डोलतोय मी."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळ्यांनाच आवरेना. अध्यक्ष मात्र लाल झाले. बाईनं हसणं संपू दिलं आणि मग सरळ सांगितलं. चार गावं पाहून झाली. आता वरच्या लोकांना फोटो आणि एक पानाचं टिपण पाठवायचं. उद्या सकाळच्या बसआधी ती ठरवेल. जे स्वतः पाहिलं तेवढंच लिहील, ऐकलेलं नाही.

सभा उठताच भाऊजी मावशीवर धावूनच आले. "वहिनी, तुमच्याच घरी राहिली ना ती? तुम्हीच तोंड उघडलंत! सगळं घालवलंत!"

"मी उघडलं," मावशी म्हणाली. "पण त्याच्याही आधी माझ्या दोऱ्यांनी उघडलं होतं. भाऊजी, तुम्ही साठ खोल्या भरल्यात, पण एक चादर बदलायचं नाही सुचलं."

भाऊजी पाय आपटत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नातेवाईक आपापल्या गावी निघाले, आणि उजाडायच्या सुमाराला मावशीच्या दारात ढीग पडायला लागला. सव्वीस घरांच्या चादरी, तीन दिवस लोळून चुरगळलेल्या, एकदम. कामकरणी लवकर आल्या होत्या. मशीन थरथरत होतं, हौद भरले होते. धुवायच्या तर होत्याच, त्यात खोटं काही नव्हतं. ऊन वर आलं तेव्हा नऊच्या नऊ दोऱ्या भरल्या, आणि उरलेल्या चादरी कुंपणावर टाकाव्या लागल्या. अख्खं आवार पांढरंशुभ्र झालं, वाऱ्यावर फडफडायला लागलं. भाऊजी ढिगामागं ढीग आणून टाकत होते. पण शेवटचा ढीग टाकल्यावर ते घराकडे परतले नाहीत. फाटकापाशी घुटमळत राहिले, आणि मावशीला कळलं ते का थांबलेत.

बाई पिशवी अडकवून निरोप घ्यायला मागच्या आवारात आली आणि जागच्या जागी उभी राहिली.

"अरे वा!" ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "हे तर… हे पाहिलं की वर कुणी प्रश्नच विचारणार नाही. थांबा, हलू नका." तिनं फोन काढला आणि डोळ्यांपुढं धरला.

 मावशीकडे बघून भाऊजींनी हात जोडले, खरोखर जोडले. मावशीला फक्त गप्प बसायचं होतं. तिनं खोटं काही सांगितलं नव्हतं, सांगावंही लागणार नव्हतं. चादरी खऱ्या होत्या, दोऱ्या खऱ्या होत्या. एक क्षण, एक फोटो, आणि मशीन आलं, छप्पर आलं, तो ट्रक आल्या वाटेनं परत गेला.

"नका काढू," मावशी म्हणाली.

"का?"

"ह्या नातेवाइकांच्या आहेत. आज गेले ते. पाहुण्यांच्या म्हणाल तर त्या कोपऱ्यात चार, बस्स. परवा-काल खरे पाहुणे दारातूनच परत पाठवलेत आम्ही."

फाटकापाशी भाऊजी मटकन खाली बसले. बाईनं फोन हळूच खाली केला.  मावशीची मान खाली गेली नाही.

"मग कशाचा काढू?" बाईनं विचारलं.

"खांबांचा काढा. खांब मी पाहुण्यांसाठी रोवलेत, नातेवाइकांसाठी नाही."

बाई गुडघ्यांवर बसली. चादरी बाजूला सारत, एकेका खांबाशी थांबत तिनं नऊही खांबांचे फोटो काढले, तारीख नीट वाचता येईल असे. पहिल्या खांबाचे तर दोन काढले. मग उठली, हात झटकले आणि म्हणाली, "मावशी, चारही गावांत मला भरलेल्या खोल्या दाखवल्या. रिकाम्या दिवसांचं खरं सांगणारं माणूस एकच भेटलं. मी वर लिहिणार आहे की पैसे या गावात घालायचे, आणि सुरुवात धुलाईघरापासून. आठ वर्षांत माझं टिपण एकदाही परत आलेलं नाही, तेव्हा तुम्ही मशीनला जागा करायला घ्या. मात्र दर महिन्याचा आकडा मला तुमच्याकडून हवा. संघाकडून नको."

ती भाऊजींच्या शेजारून जाताना थांबली. "अध्यक्ष, पुढच्या वेळी महिनाभर आधी सांगेन बरं का," म्हणाली आणि बसकडे निघाली.

मावशी हुकांपाशी गेली.  वाळलेली एक चादर ओढली आणि अडकवायला हात वर केला, तर मागून भाऊजींचा आवाज आला. 

"वहिनी. मी धुलाईघर शेवटच्या पानावर टाकलं होतं."

"माहीत आहे मला."

"दादानं मला कानफटात दिली असती."

"दिली असती. मग चहाही पाजला असता. धरा ते टोक."

भाऊजींनी टोक धरलं. उलटं धरलं होतं, मावशीनं खूण करून सरळ करायला लावलं. दोघांनी ताण दिला, झटकली, पुढं आले. भाऊजींचे डोळे भरले होते, मावशीचेही. दोघांपैकी कुणीच ते लपवायच्या भानगडीत पडलं नाही.

"आता दहावी दोरी लागेल," भाऊजी नाक पुसत म्हणाले. "खांब कुठं रोवायचा ते बघायला पाहिजे."

"खड्डा गेल्या आठवड्यातच खणून ठेवलाय, तिकडे कुंपणाजवळ," मावशी म्हणाली. तिनं कोनाड्यातला गंजलेला खिळा काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. "तुम्ही सिमेंट तेवढं आणा. तारीख तुम्हीच कोरा, आणि खरी कोरा."